मोलेला मुक्काम करायचा तर खोलीच्या आधी काय बघावं

म्हापशाच्या एका ताईंनी विचारलंय की डिसेंबरात पुण्याहून बहीण, भावोजी, आठ आणि तेरा वर्षांची दोन मुलं आणि बहिणीच्या सासूबाई येतायत, त्यांना बीच नकोय, जंगल बघायचंय, हातात तीन रात्री आहेत, तर गोव्याच्या पूर्वेला घाटाच्या पायथ्याशी असलेल्या मोलेला रिसॉर्ट बुक करू का म्हापशातूनच रोज गाडीने येऊन-जाऊन करू? आणि स्विमिंग पूल असलेलं घ्यावं का, मुलं मागतायत.

ताई, आधी सरळ सांगतो, येऊन-जाऊन करू नका. सत्तरी आणि धारबांदोडा या गोव्यातल्या तालुक्यांच्या जंगलात लोकांना फिरवायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि सगळ्यात जास्त निराश होऊन परत जाणारे लोक म्हणजे अकरा वाजता मोलेला पोचलेले. जंगलात हालचाल असते ती उजाडताना आणि मग ऊन उतरल्यावर. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे साडेसहाला फटफटायला लागतं तेव्हा तुम्ही झाडांखाली उभे पाहिजेत, आणि म्हापशाहून मोले म्हणजे फोंड्यावरून दोन तास धरा, ट्रक लागले तर जास्तच. म्हणजे साडेचारला मुलांना झोपेतून उठवून गाडीत घालायचं, सासूबाईंना पण, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच. एकदा कराल, दुसऱ्या दिवशी कोणी उठणार नाही.

म्हणून मुक्काम निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की सकाळी साडेसहाला तुम्हाला कुठे उभं राहायचंय, आणि त्या जागेपासून पंधरा-वीस मिनिटांत असलेलं घर शोधा. खोलीचे फोटो, पूल, बुफे हे सगळं त्याच्या नंतर. लोक उलटं करतात, आधी फोटो बघून रिसॉर्ट घेतात आणि मग तिथून जंगल किती लांब ते बघतात. नावात जंगल, टायगर, जीप असलं काही असलं म्हणजे ते जंगलात असतं असं नाही, हमरस्त्याला लागून असलेल्या जागांनासुद्धा तीच नावं असतात.

आता कुठलं जंगल. गोव्यात भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातलंच मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटर, बोंडला फक्त ८, काणकोणातलं कोटीगाव ८६, आणि १९९९ साली जाहीर झालेली दोन, सांग्यातलं नेत्रावळी २११ आणि सत्तरीतलं म्हादई २०८. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य वेगळं, ते दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही, खारफुटीत आहे, तिथे राहायची गरज नाही, तुम्हाला तर ते घरापासून अर्ध्या दिवसाचं काम. आकडे एवढ्यासाठी सांगितले की बोंडला आणि मोले या एकाच प्रकारच्या गोष्टी नाहीत हे लक्षात यावं. बोंडल्यात छोटं प्राणिसंग्रहालय आहे, मुलांना गवा जवळून दिसेल, पण ते पिंजऱ्यातलं आहे आणि गुरुवारी बंद असतं. मोलेत दिसलं तर दिसलं.

आणि हे पण मुलांना आधीच सांगून ठेवा की इथे ताडोबासारखी वाघाची सफारी नाही. वाघ आहेत, कॅमेऱ्यात मिळालेत, २०२० च्या जानेवारीत सत्तरीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विष घातलं होतं, तेव्हा सगळ्या गोव्याला कळलं की आपल्याकडे वाघ राहतोय, पिल्लं वाढवतोय. २०२३ च्या जुलैत हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं, मग ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पण टुरिस्ट म्हणून जाऊन वाघ बघायचा तर हे ते जंगल नाही, दाट सदाहरित आणि अर्धसदाहरित झाडी आहे, वीस फुटांवरचा गवा सुद्धा दिसत नाही कधीकधी. इथलं जंगल चालत चालत, ऐकत ऐकत बघायचं असतं. धनेश पक्ष्याच्या पंखांचा आवाज आधी येतो, मग मान वर करायची. रानकोंबडा ओरडतो, दिसतो क्वचित. शेकरू मात्र दिसेलच जवळजवळ, आणि पुण्याच्या मुलांना तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून पुस्तकातनं माहीत असतो, इथे डोक्यावरनं एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारताना बघितला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ज्या मुलाला वाघाचं आमिष दाखवून आणलंय त्याला मात्र शेकरूचं काही वाटत नाही. म्हणून आमिष दाखवू नका.

तुमच्या माणसांसाठी मी मोलेच घेईन. कारणं सांगतो. सासूबाई आहेत, आणि मोलेच्या बाजूला चढ न चढता सपाट रस्त्याने पक्षी बघता येतात, ते म्हणजे तांबडी सुर्लाला. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, सात-आठशे वर्षं जुनं, मोलेपासून साधारण तेरा किलोमीटर, शेजारून रगाडा नदी वाहते आणि शेवटचा रस्ता जंगलातून. देवळात जाणारे लोक नऊ-दहानंतर येतात, त्याच्या आधी तो रस्ता तुमचा. सासूबाईंना देवदर्शन होतं, मुलांना नदी, आणि बघणाऱ्याला कर्णा, स्वर्गीय नर्तक असे पक्षी, आणि नशीब असलं तर बेडूकतोंड्या पक्ष्याची जोडी दिवसा फांदीवर वाळक्या पानासारखी चिकटून बसलेली. हा बेडूकतोंड्या आपला आपण शोधून सापडत नाही, तिथल्या गाईडला त्याची बसायची जागा माहीत असते, त्यामुळे एका सकाळचे गाईडचे पैसे वाचवू नका, जेवणात वाचवा हवं तर.

मोलेत राहायचं म्हणजे तीन प्रकारच्या जागा. एक सरकारी, म्हणजे जीटीडीसीचं (गोवा पर्यटन विकास महामंडळाचं) आणि वन खात्याचं. साधं असतं, जागा चांगली असते, पण बुकिंग आणि जेवणाचं आधी फोन करून नीट विचारा, गृहीत धरू नका. दुसरं हायवेवरची लॉज आणि रिसॉर्ट. फोंडा-मोले-अनमोड हा बेळगावचा हायवे आहे, रात्रभर ट्रक घाटात चढतात, गिअर बदलल्याचा आवाज खिडकीत येतो, झोप पण नाही आणि घुबड पण ऐकू येणार नाही. हायवेवरचं घ्यायचंच तर मागच्या बाजूची खोली मागा. तिसरं म्हणजे आतल्या गावांतली कुळागरातली घरं, होमस्टे, आणि मला विचाराल तर हेच. सुपारी, नारळ, मिरी, जायफळ, मध्ये पाटाचं पाणी, आणि कुळागर संपतं तिथे रान सुरू होतं. सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात उभं राहिलं तरी दहा-बारा पक्षी होतात, सासूबाई जंगलात आल्या नाहीत तरी त्यांना जंगल मिळतं. पैसे पण गावात राहतात. हे मी नुसतं भलेपणाचं म्हणून सांगत नाही. ज्या माणसाची गाय वाघाने मारली त्याला वाघ नकोच असणार, भरपाई वेळेवर मिळायला हवी आणि त्याच रानामुळे घरात चार पैसे पण यायला हवेत, तर तो माणूस रानाच्या बाजूने उभा राहील.

मोलेजवळच्या कुळे स्टेशनच्या गावात राहायचं का असं बरेच जण विचारतात कारण दूधसागर धबधब्याच्या जीप तिथून सुटतात. राहू शकता, पण स्टेशनपासून लांब. कुळे ते कॅसलरॉक घाट इतका चढाचा आहे, ३७ फुटांना १ फूट, की गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात आणि ती कुळेलाच लागतात, मालगाड्या रात्री पण असतात, हॉर्न आणि इंजिनांची घरघर. मुलांना मजा वाटेल, म्हाताऱ्या माणसाला नाही. (हीच लाईन अभयारण्यातून दुपदरी करायला २०२० पासून लोकांनी विरोध केला, २०२२ साली सुप्रीम कोर्टाने तिची वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. तुमच्या भाच्यांना हे पण सांगा, तेरा वर्षांच्या मुलाला समजतं.)

फोनवर काय विचारायचं ते आता, कारण वेबसाईटवर हे लिहिलेलं नसतं. अभयारण्याच्या गेटपर्यंत गाडीने किती मिनिटं, किलोमीटर विचारू नका, मिनिटं विचारा. सकाळी सहाला चहा मिळेल का, हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण जिथे किचन साडेआठला उघडतं ती जागा जंगलासाठी नाही, दुसऱ्याच गिऱ्हाईकासाठी आहे. रात्री म्युझिक असतं का, आणि शेजारच्या प्रॉपर्टीत असतं का, डिसेंबरात लग्नं आणि ऑफिसच्या पार्ट्या असतात. खोलीपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, गरम पाणी सकाळी पण मिळतं का कारण सोलर असेल तर सकाळी कोमट येतं. लाईट गेली तर काय. गाईड कोण, गावातला आहे का. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं का, होमस्टेत बहुतेक लागतंच, मासे हवे असतील तर सकाळीच सांगायचं, दुपारी बाराला सांगून कुठून आणणार बिचारे. आणि उत्तरं देणारा माणूस कसा बोलतो ते ऐका. जो तुम्हाला उलट विचारतो की लहान मुलं किती वर्षांची, चालू शकतात का किती, तिथे निर्धास्त बुक करा.

जो म्हणतो रात्री जीपने जनावरं दाखवतो, बिबट्या आमच्याकडे रोज येतो, साप हातात देतो फोटोला, तिथे जाऊ नका. अभयारण्यात रात्री असं फिरवणं बेकायदा आहे, आणि बिबट्या रोज येत असेल तर त्याला काहीतरी घालून आणतायत असं समजायचं, त्याचा शेवट कधीतरी वाईटच होतो, बिबट्याचा पण आणि शेजारच्या वाड्यावरच्या पोरांचा पण. साप हातात देणं हा सुद्धा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. हे बघितलं की मला राग येतो, लपवत नाही.

पूलचं. मुलं मागतायत ते कळतं, पण पूल असला की मुलं पूलमध्येच राहतात, संध्याकाळी चारला ती बाहेर येत नाहीत आणि चार ते सहा हीच दुसरी वेळ असते. कुळागरातल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पाय सोडून बसली की पूल विसरतील. घरच्या माणसाला विचारून, तो दाखवेल तिथेच.

तीन रात्रींचं असं करा. तीनही रात्री एकाच जागी राहा. एक रात्र मोले, एक नेत्रावळी, एक कोटीगाव असा प्लॅन नेटवर खूप फिरतो, त्यात तुम्ही दोन सकाळी बॅगा भरण्यात घालवता. पहिल्या दिवशी म्हापशाहून जेवून निघा, उशिरात उशिरा चारपर्यंत पोचा, अंधारात पोचू नका, वाटेत फोंड्याला पेट्रोल आणि एटीएम करून घ्या, आत नेटवर्क गेलं की यूपीआय पण जातं. संध्याकाळी नुसतं कुळागर आणि गावातला रस्ता. दुसऱ्या दिवशी पहाटे तांबडी सुर्ला, दहापर्यंत परत, पेज-भाजी खाऊन झोप, हो, दुपारी झोपाच, जंगल पण झोपलेलं असतं, चारनंतर मोलेच्या गेटवर तिकीट काढून आत चालणं. तिसऱ्या दिवशी दूधसागर.

दूधसागरबद्दल जरा सविस्तर, कारण भांडणं तिथेच होतात. धबधबा ३१० मीटरचा, डिसेंबरात पाणी चांगलं असतं, मार्चनंतर बारीक होतं. पावसात जीप बंद, साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. खाजगी गाडी आत नेता येत नाही, जीपच घ्यावी लागते, ती व्हाळातून, दगडांतून हाडं खिळखिळी करत जाते आणि जिथे थांबते तिथून पुढे पण दगडांवरून चालायचंय. सासूबाईंना नेऊ नका. कोणीतरी एक जण त्यांच्याजवळ थांबा किंवा घरच्या बायांजवळ त्या मजेत बसतील, सुपारी सोलायला बसल्या तर गप्पा संपत नाहीत. बुकिंगची पद्धत सीझनला सीझन बदलते, आदल्या दिवशी घरमालकाला विचारा की सध्या कसं चाललंय, आणि पहिल्या जीपमध्ये नंबर लागेल असं बघा. वर माकडं आहेत, हातातलं खाणं हिसकावतात, पिशवीत प्लास्टिकचं पाकीट वाजलं तरी येतात, तर खाणं नेऊच नका. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायचे व्हिडिओ भावोजींनी बघितले असतील तर तो विचार सोडायला सांगा, बंदी आहे आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. ख्रिसमस ते नवीन वर्ष या आठवड्यात दूधसागरला जायचंच नाही असं माझं मत, पाण्यापेक्षा लाईफजॅकेटं जास्त दिसतात. त्या दिवशी त्यापेक्षा गाईडला घेऊन दुसरी एक सकाळ जंगलात घाला.

चौथ्या दिवशी परतताना बोंडला, मुलांसाठी, पण वार बघून.

नेत्रावळी मी तुम्हाला आत्ता सांगत नाही. बुडबुड्यांची तळी बघायला, सावरी धबधबा, वेर्ल्याचं पठार, चालणाऱ्या माणसांसाठी फार सुंदर, पण सासूबाई आणि आठ वर्षांचं मूल असताना पहिल्याच खेपेला नको. आणि पावसात धबधब्यांच्या मागे लागू नका, २०२३ च्या जुलैत नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे जण बुडाले आणि मग वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदीच घातली होती, वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असताना पाणी वाढतं. कोटीगाव मात्र पुढच्या वेळी नक्की, गेट हायवेपासून जवळ, काणकोण स्टेशनला कोकण रेल्वेने उतरता येतं, उंच झाडावर मचाण आहे, आणि आगोंद-गालजीबागला समुद्रकासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्याच्या जवळ राहून दोन्ही होतं. म्हादईचा भाग पावसासाठी ठेवा, चोर्ला घाटात जूनमध्ये चापडा साप, उडता बेडूक आणि तिबोटी खंड्या, ते वेगळंच जग आहे, जळवांची तयारी ठेवून या.

कपडे वगैरे. डिसेंबरात मोलेत पहाटे म्हापशापेक्षा बरीच थंडी असते, मुलांना स्वेटर, सासूबाईंना शाल. पूर्ण बाह्या, पूर्ण पॅंट, बंद बूट, रंग मातकट. हे फॅशनसाठी नाही, गोचिडीसाठी. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो गोचिडीतून पसरतो आणि डिसेंबर ते मे हाच त्याचा काळ, म्हणून वाळक्या पाल्यात बसू नका, परत आल्यावर अंग-कपडे बघा, गरम पाण्याने आंघोळ, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात सांगा. घरी गेल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे स्वतःहून सांगायचं. घाबरायचं कारण नाही, बाकी हजारो लोक फिरतात, फक्त माहीत असावं. रात्री अंगणात टॉर्चशिवाय पाऊल नाही. साप चावला तर कापाकापी नाही, घट्ट बांधणं नाही, १०८ ला फोन आणि घरमालकाची गाडी जी आधी मिळेल ती, म्हणून पोचल्या पोचल्या विचारून ठेवा की जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि लस कुठे असते. रात्री घाटरस्त्यावर गवा दिसला तर गाडी थांबवा, दिवे डोळ्यांवर मारू नका, हॉर्न नाही, खाली उतरून फोटो तर नाहीच, तो आपला आपण जातो.

ड्रोन आणू नका, परवानगी नसते. ब्लूटूथ स्पीकर घरीच. दुर्बीण एक असेल तर ती मुलांच्या गळ्यात घाला, मोठ्यांच्या नाही.

तारखा अजून नक्की नसतील तर डिसेंबरचा दुसरा आठवडा घ्या, सोमवार ते गुरुवार नको कारण गुरुवारी बोंडला बंद, रविवार दुपार ते बुधवार असं बसवा, रविवारची गर्दी परतत असते तेव्हा तुम्ही आत जाल आणि दर पण उतरतात. फोन आजच करा, होमस्टेत दोन-तीनच खोल्या असतात, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं पहिल्या वाक्यातच सांगून अंगणाच्या पातळीवरची खोली मागून घ्या.